दख्खन म्हणजे कुठून कुठपर्यंत?

हैदराबादचे जे स्टेशन लोक नामपल्ली म्हणून ओळखतात, त्याचे रेल्वेच्या दप्तरातले नाव ‘हैदराबाद डेक्कन’ असे आहे. सिंधमध्येही एक हैदराबाद आहे. पत्र आणि पार्सल भलत्याच हैदराबादला जाऊ नये म्हणून निजामाच्या राजधानीला हे दुसरे नाव जोडले गेले आणि ते आजही टिकून आहे. बेंगळुरूहून 1948 पासून निघणाऱ्या इंग्रजी दैनिकाचे नाव ‘डेक्कन हेरल्ड’, तर सिकंदराबादेत 1938 मध्ये सुरू झालेल्या दैनिकाचे ‘डेक्कन क्रॉनिकल’. 2003 मध्ये स्वस्त विमानप्रवासाची कल्पना घेऊन उतरलेली ‘एअर डेक्कन’ही बेंगळुरूचीच. पुण्यात मात्र बसच्या कंडक्टरने ‘डेक्कन, डेक्कन’ असा पुकारा केला की उतारू संभाजी पुलाच्या अलीकडे-पलीकडे उतरायला दाराशी जमतात. 1906 मध्ये स्थापन झालेल्या एका जिमखान्याचे नाव आसपासच्या सगळ्या वस्तीला मिळाले आणि ‘डेक्कन’ म्हणजे तेवढाच परिसर झाला. डेक्कन कॉलेज या डेक्कनवर नाहीच, ते पार येरवड्याला आहे. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला रिक्षावाला हे पहिल्याच दिवशी सांगतो.

तीन राज्यांच्या तीन मोठ्या शहरांना हे नाव आपले वाटते आणि तिघांच्याही मनातला नकाशा वेगळा आहे. इंग्रजीत हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो, की त्याची हद्द नेमकी कोणती हे विचारायचे कुणाला सुचत नाही. मला ते विचारावेसे वाटते. कारण हा शब्द मुळात आपला आहे, आणि आपण त्याचा अर्थ फार आखडून टाकला आहे असे माझे ठाम मत आहे.

मूळ शब्द ‘दक्षिण’. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात उजव्या हातालाही दक्षिणच म्हणतात. पण ही दक्षिण कुणाची? विंध्य आणि नर्मदेच्या उत्तरेला उभ्या असलेल्या माणसाची. पैठणच्या माणसाला पैठण दक्षिणेला आहे असे आपणहून कधी वाटणार नाही. हे नाव बाहेरून आले, वाटेवरच्या माणसांनी दिले. ‘दक्षिणापथ’ म्हणजे दक्षिणेकडे जाणारा मार्ग, आणि त्या मार्गाने जिथे पोचायचे तो मुलूखही. पण इथल्या राजांनी ते नाव लवकरच आपलेसे केले. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जी लेणी आहे, तिच्या भिंतींवरच्या ब्राह्मी लेखात सातवाहन राजाला ‘दक्षिणापथाचा स्वामी’ या अर्थाचे बिरुद लावलेले आहे. अक्षरे ठिकठिकाणी झिजली, फुटली आहेत, अभ्यासकांना ती जुळवून वाचावी लागतात. पण ज्या जागी ती कोरली ती जागा बघण्यासारखी आहे: एका बाजूला कोकण, दुसऱ्या बाजूला देश, आणि मधून व्यापाऱ्यांच्या बैलांची वाट. दख्खन कुठे सुरू होते याचे इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्याही जागी मिळत नाही. घाट चढून आलात की आलात.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनातही हे नाव आहे. भडोचच्या पलीकडच्या मुलखाला ‘दखिनाबादेस’ म्हणतात, कारण इथल्या भाषेत ‘दखानोस’ म्हणजे दक्षिण, असा खुलासा त्या अनाम खलाशाने केला आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आपले तेर, तिथून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, हेही तो नोंदवतो. आपल्या प्रदेशाचे नाव परक्या भाषेत लिहून त्याचा अर्थ सांगण्याचा उद्योग असा जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे.

पुढे फारसीने ‘दकन’ केले. बहमनी राज्य 1347 मध्ये उभे राहिले आणि त्यानंतर या शब्दाला प्रदेशापेक्षाही मोठा अर्थ आला. दरबारात दोन पक्ष पडले. इराण, तुराण, अरबस्तान इथून आलेले ते आफाकी, आणि इथेच रुजलेले, वाढलेले ते दख्खनी. दख्खनी असणे म्हणजे या मातीचे असणे. याच काळात घडलेल्या बोलीचे नावही दखनी, आणि औरंगाबादचा कवी वली दिल्लीला गेला तेव्हा तिकडच्या शायरांनी त्याच्याकडून जे घेतले ते या बोलीतूनच आलेले होते. मोगलांनी कारभाराच्या सोयीसाठी दख्खनचे सहा सुभे केले: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर, हैदराबाद. बाळाजी विश्वनाथाने 1719 मध्ये दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्या याच सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या. म्हणजे मराठी राज्याच्या मोठ्या विस्ताराला कायदेशीर आधार मिळाला तो ‘दख्खन’ या एककाच्या हिशेबात.

इंग्रजांच्या हाती हा शब्द आला तेव्हा तो आधीच बरेच पाणी प्यायलेला होता. पोर्तुगीजांनी ‘देकान’ लिहिले होते. इंग्रजांना स्पेलिंग ठरवता येईना. कर्नल विल्यम साइक्स हा 1820 च्या दशकात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी होता. तो ‘दुखुन’ असे ऐकायचा आणि तसेच लिहायचा. त्याने या भागातले प्राणी-पक्षी टिपले, त्यांना शास्त्रीय नावे दिली, आणि ती नावे अजून चालू आहेत. सह्याद्रीतल्या कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला, त्याने ‘दुखुनेन्सिस’ म्हटले. हिवाळ्यात नदीकाठी शेपटी हलवत फिरणारा पांढरा धोबी हा पक्षीही त्याने ‘दुखुनेन्सिस’ म्हणूनच नोंदवला. हा धोबी उन्हाळ्यात पश्चिम सैबेरियाकडे घरटी करतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. साइक्सने तो इथे पाहिला म्हणून त्याला इथले नाव दिले. तेव्हा सैबेरियात अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लूही शास्त्राच्या वहीत दख्खनचे असते. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

स्पेलिंगचा हा घोळ पुढेही चालू राहिला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, खतपत्रे आणि गहाणखते काढून जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात याला ‘डेक्कन रायट्स’ म्हणतात. त्यावर चौकशी होऊन 1879 मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, त्याच्या नावात मात्र ‘देख्खन’ असे स्पेलिंग आहे. 1884 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी प्राचीन इतिहास लिहिला तो ‘देक्कन’चा, आणि त्याच साली टिळक-आगरकरांनी संस्था काढली ती ‘डेक्कन एज्युकेशन सोसायटी’. दहा वर्षांच्या आत एकाच नावाची तीन स्पेलिंगे झाली.

स्पेलिंगपेक्षा महत्त्वाची बाब त्या कायद्याच्या व्याप्तीची आहे. 1879 च्या कायद्याची मुख्य कलमे सुरुवातीला लागू होती ती फक्त चार जिल्ह्यांना: पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. कायद्याचे दख्खन म्हणजे हे चार जिल्हे. मुंबई इलाख्याच्या कारभारात गुजरात, कोकण, डेक्कन, कर्नाटक, सिंध असे भाग असत, त्यातल्या डेक्कनमध्ये खानदेश आणि नाशिकही यायचे. मद्रास इलाख्यात आणखी एक डेक्कन होते, त्यात बळ्ळारी, अनंतपूर, कर्नूल, कडप्पा. निजामाचे डेक्कन तिसरेच. भांडारकरांनी आपल्या ग्रंथाची सुरुवातच या नावाची व्युत्पत्ती आणि व्याप्ती यांची चर्चा करून केली, कारण त्यांच्यासारख्या काटेकोर पंडिताला शब्दाची हद्द न सांगता पुढे जाणे शक्य नव्हते. आजचे इंग्रजी लेखक, आणि त्यांचे अनुवाद करणारे आपण, ही काळजी क्वचितच घेतो.

इंग्रजी वापरातली एक खुबी मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही, कारण आपल्या भाषेत तसे काही नाही. इंग्रजीत देशाच्या किंवा प्रांताच्या नावाआधी सहसा ‘द’ हे उपपद लागत नाही. फ्रान्स, बंगाल, महाराष्ट्र, सगळे नुसते. पण डेक्कनला लागते: ‘द डेक्कन’. तसेच ‘द कोकण’, ‘द कर्नाटिक’, ‘द दोआब’. ज्या नावाचा मुळात काही अर्थ आहे, जे डोंगर, नदी, दिशा यांवरून पडले आहे आणि ज्याला स्वतःचे सरकार नाही, अशा मुलखाला इंग्रजी बरेचदा हे उपपद लावते. एकदा त्या मुलखाचे राज्य झाले, की उपपद हळूहळू गळते. पूर्वी इंग्रजीत ‘द पंजाब’ असेच लिहीत. पाच नद्यांचा मुलूख म्हणून. आता फक्त ‘पंजाब’. 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या युक्रेनने आपल्या नावाआधीचे ‘द’ काढावे असा आग्रह धरला, कारण ते उपपद आपल्याला देश न मानता कुणाच्या तरी सीमेवरचा पट्टा मानते असे तिथल्या लोकांना वाटत होते. त्यांची भावना मला योग्य वाटते.

डेक्कनचे ‘द’ मात्र अजून गळलेले नाही, कारण दख्खन नावाचे राज्य कधी झालेच नाही. रेल्वेगाडी, कॉलेज, दैनिक यांच्या नावात ते विशेषण म्हणून येते तेव्हा उपपदाशिवाय येते. प्रदेश म्हणून आले की पुन्हा ‘द’ घेऊनच. माझ्या दृष्टीने ही त्रुटी नाही. सरकार, विधानसभा, सीमाप्रश्न यांपैकी काहीही नसलेला, तरीही दोन हजार वर्षे ओळख टिकवून असलेला मुलूख ही फार मोलाची गोष्ट आहे आणि इंग्रजीतल्या त्या तीन अक्षरांच्या उपपदात तिची नोंद राहिली आहे.

मराठीत काय झाले? ‘दख्खन’ बाहेर गेला, इंग्रजीत जाऊन पहिल्या अक्षरावर आघात घेऊन, ‘ख’मधला श्वास टाकून ‘डेक्कन’ झाला, आणि परत आला तेव्हा ‘द’चा ‘ड’ झालेला होता. परत आलेल्या शब्दाला आपण वेगळे काम दिले: संस्थांची नावे, पुण्याचा एक भाग. जुना ‘दख्खन’ राहिला तो ठरावीक जागी. जोतिबा दख्खनचा राजा आहे. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली मुंबई-पुणे डेक्कन क्वीन ही दख्खनची राणी आहे. शाळेच्या भूगोलात दख्खनचे पठार आहे. याखेरीज रोजच्या बोलण्यात हा शब्द कुणी वापरत नाही.

त्याच वेळी ‘दक्षिण’ आणखी खाली सरकली. गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत ते दाक्षिणात्य. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला मराठी माणूस म्हणजे दक्षिणी. पंचद्रविड ब्राह्मणांच्या जुन्या यादीत महाराष्ट्र आहे. सांगली, मिरज, फलटण, औंध यांना इंग्रजीत ‘डेक्कन स्टेट्स’ म्हणत आणि मराठीत दक्षिणी संस्थाने. आज पुण्या-मुंबईत ‘दाक्षिणात्य’ म्हटले की चेन्नईचा चित्रपट किंवा इडली-डोसा. गेल्या शंभर वर्षांत आपण स्वतःला दक्षिणेतून उचलून बाहेर नेऊन ठेवले आहे. उत्तरेत मात्र आपल्याला कुणी घेतलेले नाही. इंग्रजीतही आता ‘साउथ इंडिया’ म्हटले की महाराष्ट्र वगळला जातो. आपल्याला सामावून घेणारा शब्द इंग्रजीत एकच उरला आहे, तो ‘डेक्कन’. रिचर्ड ईटन यांच्यासारखे इतिहासकार दख्खनचा सामाजिक इतिहास लिहितात तेव्हा त्यात देहूचा तुकाराम, विजापूरचा दरबार आणि वरंगळचा प्रतापरुद्र एका पुस्तकात येतात. मराठीत हे तिघे तीन वेगळ्या कपाटांत असतात.

भूगर्भशास्त्राचा ‘डेक्कन’ आणखी निराळा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले, आणि त्यांचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा बेसॉल्ट आज उरला आहे. घाटाच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्यांवरून त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणजे जिना. डायनासोर नष्ट होण्यात मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, हा वाद जगभर चालू आहे, त्यामुळे ‘डेक्कन ट्रॅप्स’ हे शब्द दख्खनचा नकाशा कधी न पाहिलेल्या लाखो वाचकांना माहीत आहेत. पण हा कातळ सौराष्ट्रात आहे, कच्छमध्ये आहे, माळव्यात आहे, मुंबईच्या मलबार हिलवर आहे. आणि हैदराबाद-बेंगळुरूला नाही, तिथे ग्रॅनाइट आणि नाइस. राजकोटच्या माणसाला कुणी दख्खनी म्हणणार नाही, पण त्याच्या घराच्या पायातला दगड दख्खनी आहे.

माझ्या मते या शब्दाचा सर्वांत मोठा अर्थ 1677 च्या एका पत्रात आहे. कर्नाटकच्या मोहिमेच्या वेळी शिवाजी महाराजांनी विजापूरच्या चाकरीत असलेल्या मालोजी घोरपड्यांना ते लिहिले. विजापूरच्या दरबारात पठाणांचे वर्चस्व झाले होते. महाराजांचे म्हणणे असे, की ही दक्षिणची पातशाही आहे, ती आम्हा दक्षिणी लोकांच्या हाती राहिली पाहिजे. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी आपले जुळले आहे, तुम्हीही जुने वैर विसरून या. या पत्रातला ‘दक्षिणी’ मराठीपुरता नाही, हिंदूपुरता नाही. त्यात कुतुबशहा आहे, मराठे सरदार आहेत, आणि बाहेरून येऊन इथली सत्ता बळकावू पाहणारा त्यात नाही. दख्खनी आणि आफाकी हा बहमनी काळापासूनचा भेद महाराजांनी ओळखला आणि त्याला राजकारणात उतरवले. ज्याला शब्दाचे सामर्थ्य कळते असाच राज्यकर्ता हे लिहू शकतो. आपण महाराजांच्या कितीतरी पत्रांची आठवण काढतो, या पत्राची मात्र फार थोडी काढतो.

आणि हे दक्षिणीपण केवळ दरबारी नव्हते. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकात मैलार आहे, तेलंगणात कोमुरवेल्लीचा मल्लन्ना. भंडारा तोच, वाघ्या-मुरळीसारखे सेवेकरी तिन्हीकडे. गुंथर सोनथायमर आणि रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी आयुष्याची वर्षे घालून हे धागे उलगडले, धनगरांच्या वाटांनी फिरून दाखवले. सोलापूरच्या घरात जी ज्वारीची भाकरी थापली जाते तीच कलबुर्गीत ‘जोळद रोट्टी’ आणि जहीराबादेत ‘जोन्न रोट्टे’. काळी जमीन, पावसाचा लहरी पट्टा, दर काही वर्षांनी दुष्काळ आणि त्यामुळे स्थलांतर: मराठवाडा, उत्तर कर्नाटक, तेलंगणाचा पश्चिम भाग आणि रायलसीमा यांच्या जगण्याचा हा साचा एकच आहे. तिथल्या शेतकऱ्याने दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे भाषा कळली नाही तरी ओळखावे, इतका एकच.

1956 आणि 1960 मध्ये भाषावार राज्ये झाली. ती व्हायलाच हवी होती. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा ही मागणी न्याय्य होती आणि त्यासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. पण त्या आखणीत दख्खनचे तीन तुकडे झाले आणि तिघांनी आपापल्या शाळांत आपापला इतिहास शिकवायला घेतला. आता दख्खन एकत्र येते ते भांडायला. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र अशी वाहते आणि तिच्या पाण्यासाठी 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावतांचा लवाद बसवावा लागला, 2004 मध्ये दुसरा. लवादापुढे प्रत्येक राज्य आपला हिस्सा मागते, तो त्याचा हक्कच आहे. खोरे म्हणून, पठार म्हणून आपली गरज काय, हा प्रश्न मात्र कुणाच्याच वकीलपत्रात नसतो. ज्या प्रदेशाचे नाव तिन्ही भाषांतून मागे पडले, त्याच्या वतीने बोलणार कोण?

म्हणून इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या ‘डेक्कन’कडे अनुवादकांनी आणि संपादकांनी जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. ‘द डेक्कन’ दिसला की ‘दक्षिण भारत’ लिहून मोकळे होणे चुकीचे आहे. त्यात तमिळनाडू-केरळ आत येतात आणि महाराष्ट्र बाहेर पडतो, म्हणजे अर्थ नेमका उलटा होतो. मध्ययुगाबद्दल बोलणे असेल तर दख्खन लिहा. एकोणिसाव्या शतकातला सरकारी कागद असेल तर कोणते जिल्हे ते शोधून एका वाक्यात सांगा, नाहीतर सुप्याचा दंगा हैदराबादपर्यंत पसरला होता असे वाचकाला वाटेल. कातळाबद्दल असेल तर डेक्कन ट्रॅपच राहू द्या, कारण तो शास्त्राचा शब्द आहे आणि त्याची हद्द शास्त्राने आखली आहे. आणि पुण्यातल्या चौकाला डेक्कन म्हणायला कुणाची हरकत नसावी. शंभर वर्षांहून जुना वापर आहे, त्यालाही मान हवा.

यापुढची विनंती शिक्षकांना आहे. चौथीपासून मुले महाराष्ट्राचा नकाशा रंगवतात, पूर्वेची आणि दक्षिणेची सीमा जाड रेषेने काढतात आणि रेषेपलीकडे कोरे सोडतात. त्या वहीत एक पान दख्खनचे असू द्या. त्यावर गोदावरी आणि कृष्णा समुद्रापर्यंत, भीमा कृष्णेपर्यंत पूर्ण काढा. पैठण, तेर, बीदर, विजापूर, गोवळकोंडा, जेजुरी, मैलार ही गावे मांडा. राज्यांच्या सीमा त्या एका पानावर काढू नका.